‘फिरतोय ना, मॅडम!’

हे वाक्य मी मार्च ते मे या काळात एकाच सर्व्हिस सेंटरमध्ये चार वेळा ऐकलं. गाडीच्या रेडिएटरचा फॅन खरंच फिरत होता, त्यामुळे वाद घालायला जागाच उरत नसे. त्या फिरण्यापायी माझे नऊ हजार आठशे रुपये गेले आणि शेवटी दुखणं निघालं एका बोल्टाखाली.

गाडी साधी, पेट्रोलची, नऊ वर्षांची. मार्चमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी साताऱ्याला माहेरी निघाले होते. नवले पुलाजवळ नेहमीसारखी गर्दी, एसी चालू, गाडी गोगलगायीच्या चालीनं. टेंपरेचरचा काटा एरवी अर्ध्याच्या जरा खाली असतो आणि तिथून कधी हलत नाही. त्या दिवशी तो अर्ध्यावर आला, मग वर सरकू लागला. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर फुल लावला. मार्चच्या उकाड्यात हीटर! पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो. काटा थोडा उतरला. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून गाडी साठ-सत्तरच्या वेगाला लागली तसा तो निमूट जागेवर गेला. खंबाटकी घाटातसुद्धा हलला नाही.

इथेच खरं निदान झालं होतं, फक्त मला ते तेव्हा कळलं नाही. पळत्या गाडीत समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, फॅनची गरज उभं असताना. म्हणून ‘हायवेला ठीक, सिग्नलला तापते’ असं असेल तर आधी फॅनकडे बघायचं. पळतानाही तापत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी, थर्मोस्टॅट (त्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अडकलेला, पंप गेलेला नाहीतर रेडिएटर चोंदलेला. आणि तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की एकदम उकळून अंगावर येतं. माझ्या मामेभावाच्या हातावर अजून डाग आहे.

पहिल्या खेपेला सर्व्हिस सेंटरनं रिले, म्हणजे फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलला. फॅन जोरात फिरला, मी खूश. आठ दिवसांनी कर्वे रोडला पुन्हा काटा वर. दुसऱ्या खेपेला टेंपरेचर सेन्सर बदलला आणि कूलंटही नवं भरलं. दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या खेपेला फॅनची मोटरच नवी. या वेळी जवळजवळ महिनाभर शांतता होती, तेवढ्यात मी दोन जणांना त्या सेंटरची शिफारसही केली. (त्यातल्या एकीची मी नंतर माफी मागितली.)

चौथ्या खेपेला मी थोडी तापलेलीच गेले होते. ॲडव्हायजर मुलगा तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं बोनेट उघडून एसी लावला. फॅन फिरायला लागला. ‘फिरतोय ना, मॅडम!’ मी म्हटलं, हळू फिरतोय. तो म्हणाला, एसीला आधी हळूच फिरतो. माझ्या गाडीत दोन वेगांची सोयच नाही, आहे तो एकच वेग. हे मी नंतर सर्किटच्या चित्रात पाहिलं, तेव्हा ठाऊक नव्हतं. मग त्यानं स्कॅनर लावला. एकही कोड नाही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं बिघाडाची नोंद केलेली नाही. ‘सिस्टिम ओके दाखवतेय.’ मी वायरिंग तपासायला सांगितलं. आतून एक मुलगा मीटर घेऊन आला, फॅनचा प्लग काढला, त्यात दोन पिना खुपसल्या आणि मीटर माझ्या नाकासमोर धरला. 12.4 व्होल्ट. ‘बघा, करंट बरोबर येतोय. वायरिंग ओके. आता रेडिएटर आतून जाम असणार, बदलावा लागेल.’ आणि मला गाडीत बसायला सांगितलं, उन्हात कशाला उभ्या राहता म्हणून.

मी ज्युनिअर कॉलेजात सोळा वर्षं फिजिक्स शिकवते. व्होल्टेजला करंट म्हणणाऱ्याचे मी प्रॅक्टिकलला मार्क कापते. पण खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. तो 12.4 चा आकडा मला पटला होता. आदल्या रविवारी मी स्वतः घरचा मीटर घेऊन अगदी तसाच प्लग काढून तसंच मोजलं होतं, आणि वायरिंग बरोबर आहे असं नवऱ्याला छातीठोक सांगितलंही होतं. त्यामुळे त्या मुलाला काय बोलणार? रेडिएटरचं कोटेशन घेतलं, ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि बाहेर पडले.

एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून चांगली केली होती, काढलेले पार्ट परत मागून घेतले होते. हे तुम्हीही करा, जॉब कार्डावरच लिहून घ्या, नंतर मागितलं तर ‘भंगारात गेले’ म्हणतात. घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतला जुना सेन्सर काढला आणि चहाच्या पातेल्यात पाणी तापवायला ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, ‘हे काय शिजवतेस?’ हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, गरम होईल तसा त्याचा रोध कमी होत जातो. सेन्सरचं टोक पाण्यात, लॅबमधला थर्मामीटर शेजारी, मीटर दोन पिनांना. खोलीच्या तापमानाला, म्हणजे 34 अंशांना, साधारण 1400 ओहम. 60 ला 590. 80 ला 320. कुठे उडी नाही, कुठे अडकणं नाही. म्हणजे चांगला सेन्सर काढून त्यांनी मला नवा विकला होता. (ते पातेलं त्या दिवसापासून चहाला चालत नाही. घरातला निर्णय.)

मग जुनी मोटर. सोसायटीतल्या एका रिक्षावाल्या काकांची जास्तीची बॅटरी मागून आणली आणि दोन जाड वायरींनी मोटर सरळ तिला जोडली. पंख्याचं पातं लावून हे करू नका, मोटर हातातून उडेल. मी पातं काढून, मोटर पायाखाली दाबून केलं. घूंऽऽ करून अशी फिरली की वॉचमन उठून बघायला आला. तीही चांगलीच. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि रागापेक्षा जास्त त्रास एका प्रश्नाचा होता. चांगला रिले, चांगला सेन्सर, चांगली मोटर काढून टाकल्यावर दर वेळी गाडी काही दिवस बरी का होत होती?

पहाटे उत्तर सुचलं ते अर्धंच. काहीतरी हलत होतं. पार्ट बदलताना कुठली तरी वायर ओढली जात होती, तिचा सांधा तात्पुरता बसत होता, आणि काही दिवसांनी पुन्हा सैल.

मग 12.4 कसे? इथे मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मीटरचा स्वतःचा रोध कोटीच्या घरात असतो, दहा मेगाओहम म्हणा. प्लग काढून मोजलं तर त्या तारेतून करंट असा वाहतच नाही. वाटेत एक सोडा, शंभर ओहमचा खराब सांधा असला तरी मीटर 12.4 च दाखवणार, कारण करंटच नाही तर व्होल्टेज पडणार कुठे? नळाची चावी बंद ठेवून पाइपाचं प्रेशर मोजण्यासारखं ते. चावी उघडली की कळतं पाइप चोंदलाय ते. व्होल्टेज मोजायचं तर प्लग लावलेला हवा आणि फॅन चालू हवा. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसले. ओढणी घरी, केस वर बांधलेले. हे गंमत म्हणून सांगत नाही. काही गाड्यांमध्ये चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो, त्यामुळे हात घालायचा तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच. मला मात्र चालू फॅनवर मोजायचं होतं, म्हणून मी इंजिन बंद असतानाच दोन टाचण्या प्लगच्या मागच्या बाजूनं, तारेच्या रबराशेजारून आत सरकवल्या. एकमेकींना लागणार नाहीत अशा वाकवल्या आणि त्यांना मीटरच्या क्लिपा लावल्या. मग इंजिन चालू, एसी चालू.

बॅटरीवर 13.9. फॅनच्या दोन तारांमध्ये 6.1.

एवढा आनंद मला मुलाच्या दहावीच्या निकालानंतर झाला नव्हता. फॅन निम्म्याहून कमी व्होल्टेजवर कसाबसा फिरत होता. समोरच्या जाळीला शिल्लक उत्तरपत्रिकेचा एक कागद लावून पाहिला, तो चिकटून राहायच्या ऐवजी घसरून खाली पडला. (ही कागदाची परीक्षा तुम्ही सर्व्हिस सेंटरच्या दारातच करा, मीटर नको की काही नको. फॅन धडधाकट असेल तर तो वारा आत ओढतो आणि कागद जाळीला घट्ट चिकटतो. मला हे तेव्हा सुचलं असतं तर ‘फिरतोय ना’ला तिथेच उत्तर मिळालं असतं.)

आता उरलेले 7.8 व्होल्ट कुठे गेले? किरचॉफचा दुसरा नियम, बारावीचं पुस्तक. एका फेरीत जेवढे व्होल्ट मिळाले तेवढे कुठे ना कुठे खर्च झालेच पाहिजेत. मीटरची एक क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी फॅनच्या निळ्या तारेला: 0.6. म्हणजे फ्यूज, रिले आणि तिथपर्यंतची वायर यांत मिळून फक्त 0.6 पडतंय. नऊ वर्षांच्या गाडीला चालून जाईल. मग एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी फॅनच्या काळ्या तारेला. हे शून्याच्या आसपास हवं.

7.2.

अर्थिंग! म्हणजे फॅनमधून करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. अडीच महिने सगळे पॉझिटिव्हच्या बाजूनं शोधत होते. काळी तार फॅनपासून निघून डाव्या हेडलाइटखाली, बॅटरीच्या ट्रेखाली जाऊन बॉडीला एका बोल्टानं आवळलेली होती. इंजिन बंद करून, बॅटरी काढून, ट्रे उचलला. तारेच्या टोकाचा लग, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, हाताला चटका बसेल इतका गरम. बसणारच, त्या सांध्यात चार अँपिअर धरले तरी अठ्ठावीस-एकोणतीस वॉट जळत होते, लहानसं सोल्डरिंग आयर्नच ते. बोल्ट सोडवला. खाली बॉडीचा पत्रा नव्हता. खाली होता चकचकीत, व्यवस्थित मारलेला, गाडीच्या रंगाचा पेंट.

दिवाळीनंतर एका टेम्पोनं समोरून धक्का दिला होता, तेव्हा डाव्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग इन्शुरन्समधून करून घेतलं होतं. रंगवताना बोल्टाची जागा झाकायला कोणी कागदाची पट्टी लावली नाही, वाळल्यावर लग सरळ रंगावर आवळला. बोल्टाच्या आट्यांतून जेवढा स्पर्श होत होता तेवढ्यावर फॅन चालत होता. हिवाळ्यात निभलं. आणि रिले असो, सेन्सर असो, मोटर असो, काम करण्याआधी बॅटरी काढताना दर वेळी ट्रे हलायचा, तार ओढली जायची, बोल्ट थोडा रंग खरवडायचा. काही दिवस बरे जायचे. डेंटिंग-पेंटिंग कुठे केलं होतं ते विचारू नका. त्याच सर्व्हिस सेंटरला.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, लग घासला, दातेरी वॉशर टाकून आवळला, वरून व्हॅसलीन. पुन्हा मोजलं तेव्हा काळ्या बाजूला 0.08, फॅनला 13.1. कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला.

स्कॅनरबद्दल सांगायचं राहिलं. माझ्यासारख्या साध्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर फक्त रिलेला हुकूम सोडतो. फॅन त्यानंतर जोरात फिरला, रांगत फिरला की फिरलाच नाही, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे ‘कोड नाही’ म्हणजे दोष नाही असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. रिलेचा ‘टिक’ ऐकून रिले चांगला असंही म्हणू नका. टिक म्हणजे आतलं कॉइल चालतंय, त्यातले वीज जोडणारे पॉइंट जळलेले असू शकतात. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत शेजारीच असतो, अदलाबदल करून पाहायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. फॅन अजिबात फिरतच नसेल तर आधी हे आणि फ्यूज.

सोमवारी मी फोटो, आकडे आणि तिन्ही बिलं घेऊन सेंटरला गेले. मॅनेजर सभ्य होते, पाणी विचारलं. फोटो दोन वेळा मोठा करून बघितला. म्हणाले, ‘मॅडम, लावलेले पार्ट परत घेता येत नाहीत, पण पुढच्या सर्व्हिसला लेबर माफ करतो.’ मी ते लिहून मागितलं. लिहून मिळालं नाही, एक कार वॉशचं कुपन मिळालं. तेवढ्यात तो टॅबवाला मुलगा मागून आला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, ते दोन टाचण्यांचं मला एकदा दाखवाल का?’ मी दाखवलं, तिथेच एका उभ्या गाडीवर. राग त्याच्यावर धरावा असं वाटलं नाही. त्याला पार्ट बदलायलाच शिकवलंय.

मोटर आणि रिले माळ्यावर आहेत. सेन्सर लॅबमध्ये नेला, थर्मिस्टरच्या प्रॅक्टिकलला चालतो. पोरं विचारतात, मॅडम, याला आटे कशाला आहेत?