वी-वरचं लिनक्स: अखेर आतल्याच वाय-फायवर नेटवर्क

मंडळी, निन्टेन्डो वी या गेम कन्सोलवर डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) लॉगिनपर्यंत येऊन बरेच दिवस झाले होते, पण नेटवर्क नव्हतं. काल रात्री ते मिळालं, तेही यूएसबी डोंगल न लावता. मागे दोन यूएसबी पोर्ट आहेत, त्यातला एक कीबोर्डने अडवला होता. आत वाय-फायची चिप असताना दुसराही डोंगलला द्यायचा, हे मला पटत नव्हतं.

आतली चिप ब्रॉडकॉमची बीसीएम४३१८. इथे ती एसडीआयओवर जोडलेली आहे, म्हणजे एसडी कार्ड ज्या वाटेने बोलतं त्याच वाटेने. लिनक्समधल्या बी४३ या ब्रॉडकॉम वाय-फाय ड्रायव्हरला ही वाट कळली २००९ मध्ये, कर्नल २.६.३२ पासून. अल्बर्ट हेरान्झ यांनी ते काम केलं आणि तेही वी डोळ्यासमोर ठेवून. त्यांचे मनापासून आभार. मी बूटमी या हौशींनी बनवलेल्या बूट-साधनाच्या 'मिनी' या छोट्या प्रोग्रॅममधून बूट करतो. मध्ये निन्टेन्डोचं आयओएस (वी-ची स्वतःची अंतर्गत प्रणाली, आयफोनची नव्हे) नसल्याने लिनक्सला एसडीआयओ थेट मिळतो.

पहिली अडचण फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये भरावा लागणाऱ्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची. माझा जुना टीव्ही पडद्याच्या कडा कापतो, त्यामुळे डीमेसेजमधल्या (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीतल्या) प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं दिसतच नाहीत. तरी 'यूकोड५' (फर्मवेअरच्या फाइलीचं नाव) आणि 'नॉट फाउंड' एवढं वाचता आलं आणि तेवढं पुरलं. हे फर्मवेअर परवान्यामुळे डेबियनसोबत येत नाही. ब्रॉडकॉमच्या मूळ ड्रायव्हरमधून बी४३-एफडब्ल्यूकटर या साधनाने कापून काढावं लागतं. ते वी-वरच करायची गरज नाही. फाइली चिपसाठी असतात, प्रोसेसर पॉवरपीसी आहे की इंटेल याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. लॅपटॉपवर कापल्या, एसडी कार्डावरच्या लिब/फर्मवेअर/बी४३ मध्ये टाकल्या, रीबूट केलं. स्कॅनमध्ये शेजाऱ्यांची नावं दिसली तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो.

खरा वेळ गेला तो पुढे. राउटरवर डब्ल्यूपीए३ ही नवी वाय-फाय सुरक्षा होती, ती जुन्या डब्ल्यूपीए-सप्लिकंटला (वाय-फायला जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमला) कळत नाही. म्हणून राउटरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कला वेगळं नाव दिलं आणि तिथे फक्त डब्ल्यूपीए२ ठेवलं. (चिप ८०२.११जी आहे, ५ गिगाहर्ट्‌झ तिला दिसतच नाही.) तरीही दर वेळी तोच संदेश: 'फोर-वे हँडशेक फेल्ड', म्हणजे राउटरशी ओळख पटवणं फसलं, गुप्त किल्ली (की) चुकीची असावी. पासवर्ड चार वेळा तपासला, बरोबर होता.

चूक सापडली ती कॉन्फिग फाइलमध्ये. डब्ल्यूपीए-पासफ्रेझ या कमांडने काढलेली ६४ अक्षरी की मी आदल्या दिवशीची चिकटवली होती. ही की नुसत्या पासवर्डवरून बनत नाही. नेटवर्कचं नाव त्यात मिसळून ४०९६ फेऱ्यांनी ती निघते. मी नाव बदललं, पण की जुनीच राहिली. नेटवर्कचं नाव बदललंत तर की नव्याने काढाच. आणि ती कमांड पासवर्डही उघड्या अक्षरांत फाइलमध्ये लिहून ठेवते, ती ओळ पुसा.

नेटवर्कमॅनेजर हा नेटवर्क सांभाळणारा मोठा प्रोग्रॅम मी लावलेला नाही. एकूण मेमरी ८८ एमबी. तिथे सप्लिकंट आणि डीएचक्लायंट (राउटरकडून आयपी पत्ता घेणारा प्रोग्रॅम) एवढंच परवडतं, आणि पुरतंही.

आता टीव्ही बंद आहे, कीबोर्ड काढलाय, आणि मी लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिन करून) वी-त शिरलोय. दोन्ही यूएसबी पोर्ट मोकळे.