एक्सेलची एक ओळ आणि माझे आठ महिने

१ जुलै २०२४ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षपदी रवी अग्रवाल आले, ही बातमी वाचली तेव्हा मी आयकराचं रिटर्नच भरत होतो. नवे साहेब आले, आता सगळं आणखी सोपं होणार, असं बायकोला म्हणालोसुद्धा. रिटर्न वीस मिनिटांत भरलं, आधारचा ओटीपी टाकला, संपलं. त्या भागाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नोव्हेंबरात कलम १४३(१)ची सूचना आली, म्हणजे रिटर्न तपासून आयकर खातं पाठवतं तो हिशोब. कर आणि व्याज मिळून ३८,४७० रुपये भरा.

झालं होतं असं. भोसरीतली जुनी कंपनी मी सप्टेंबर २०२३मध्ये सोडली. शेवटच्या तीन महिन्यांचा टीडीएस, म्हणजे आगाऊ कापायचा कर, पगारातून कापला गेला, सरकारजमाही झाला. पण कुणाचा किती कर कापला हे सांगणारं तिमाही विवरणपत्र भरताना एक्सेलमध्ये कुणाचा तरी हात घसरला आणि माझ्या रकमेपुढे शेजारच्या ओळीतला पॅन बसला. माझे पैसे दुसऱ्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे ज्याच्या-त्याच्या पॅनवर जमा कराच्या सरकारी नोंदीत. मी सॅलरी स्लिप बघून आकडा हाताने टाकला होता, रिटर्न तपासणाऱ्या आयकर खात्याच्या बेंगळुरूतल्या संगणकाला तो कुठेच सापडला नाही.

(इथेच सांगून टाकतो. कंपनी कापलेल्या कराचा दाखला म्हणून देते त्या फॉर्म १६चा भाग अ ‘ट्रेसेस’ या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावरूनच उतरवलेला असावा लागतो, त्यावर सर्टिफिकेट नंबर असतो. मला मिळालेला फॉर्म कंपनीने वर्डमध्ये घरीच रांधलेला होता. शिक्का मात्र झोकात मारलेला.)

हेल्पलाइनवरची मुलगी नीट बोलली. ‘सर, कंपनीला दुरुस्ती विवरणपत्र भरायला सांगा.’ एका वाक्याचं काम. इथून पुढे आठ महिने.

२०२०च्या ऑगस्टपासून आयकराची तपासणी फेसलेस झाली. करदाता आणि अधिकारी यांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. चांगलीच सुधारणा आहे ती. पण माझ्या प्रकरणात एक चेहरा उरलाच होता, जुन्या कंपनीच्या अकाउंट्समधल्या काकांचा.

डिसेंबरात काका म्हणाले, ‘होईल हो, मेल टाकून ठेवा.’ टाकला. मग कळलं की पॅनच्या दुरुस्तीला डिजिटल सही लागते आणि मालकांच्या सहीची मुदत संपली आहे. जानेवारीत सही आली, तर ३१ तारखेला तिमाही विवरणपत्राची शेवटची तारीख, ‘आत्ता डोकं वर काढायला वेळ नाही.’ फेब्रुवारीत अर्धा दिवस रजा टाकून गेलो. नुकतंच बजेट झालेलं. काका खुर्चीत रेलून म्हणाले, ‘अहो, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही आता. तुम्ही कशाला काळजी करता?’ ती सवलत पुढच्या वर्षापासून होती आणि माझी मागणी मागच्या वर्षाची, हे मी त्यांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी चहा मागवला. मार्चमध्ये इयर एंडिंग. एप्रिलमध्ये काका गावी. मेमध्ये पुन्हा ३१ तारीख.

मधल्या काळात वाचन वाढलं. कलम २०५ म्हणतं, पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून मागायचा नाही. मंडळाचं १ जून २०१५चं पत्रही आहे की अशा मागणीची सक्तीने वसुली करू नका. पण सक्ती नाही म्हणजे मागणी पुसली जाते असं नव्हे. आयकराचं पोर्टल उघडलं की ती तिथे बसलेलीच. फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम बजेटात छोट्या जुन्या मागण्या माफ झाल्या होत्या, पण त्या २०१४-१५पर्यंतच्या आणि फार तर २५,००० रुपयांच्या. माझी दोन्हीकडून बाहेर.

शेवटी काकांना वगळलं. जूनमध्ये थेट मालकांना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र धाडलं. सोबत सॅलरी स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि एकच ठळक ओळ: चुकीच्या टीडीएस विवरणपत्राला कलम २७१एचखाली दहा हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. सातव्या दिवशी दुरुस्ती झाली. सात महिने मी गोड बोलण्यात घालवले, याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही पत्र पहिल्याच महिन्यात पाठवा.

२६एएसमध्ये आकडा दिसल्यावरच कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करा, ‘रिटर्न पुन्हा प्रोसेस करा’ हा पर्याय निवडून. मी एकदा घाईने आधीच केला होता, तीच मागणी तशीच परत आली. आणि हो, सूचना आल्याबरोबर पोर्टलवर ‘मागणी मान्य नाही’ असं उत्तर नोंदवायचं, हे मला दीड महिन्याने सुचलं. तोंड बंद ठेवलंत तर पुढचा रिफंड त्या मागणीत वळता होऊ शकतो.

जुलैत आदेश आला. मागणी शून्य, वर १,२४० रुपये परत.

आता १९६१चा कायदाच जाऊन २०२५चा आला. १ एप्रिल २०२६पासून लागू, ८१९ कलमांची ५३६ झाली, ‘असेसमेंट इयर’ जाऊन नुसतं कर वर्ष उरलं. वर मी पाठ केलेली कलमं जुन्या कायद्यातली आहेत, नवे क्रमांक बघून घ्या. काका अजून त्याच खुर्चीत आहेत. परवा त्यांचा फोन आला होता, मुलाचा रिफंड अडकलाय, काय करायचं म्हणून.

म्हटलं, मेल टाकून ठेवा.