अंगठ्याचा ठेका

आजची संध्याकाळ मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकी गायक-गिटारवादकाचे गिटारवादन बसवण्यात गेली आणि उजव्या हाताचा अंगठा अजून हुळहुळतो आहे. सी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा ठरावीक स्वरमेळ, धरून अंगठ्याने पाचवी आणि चौथी तार आलटूनपालटून छेडत राहायची आणि त्याच वेळी तर्जनी-मध्यमेने बारीक तारांवर चाल वाजवायची, एवढेच करायचे असते. परंतु चालीतला एखादा स्वर दोन ठोक्यांच्या मधोमध पडला, की माझा अंगठा बोटांच्या मागे धावतो आणि ठेका मोडतो.

हर्ट अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन या लहानशा वस्तीत शेतावर राबत, आणि गिटार ते स्वतःच शिकले होते. १९२८ साली ओके या ध्वनिमुद्रण कंपनीने मेम्फिस आणि न्यूयॉर्क येथे त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, पण तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली आणि ते पुन्हा शेतीला लागले. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हे ब्लूजप्रेमी त्यांच्याच एका गाण्यातल्या गावाच्या नावाचा माग काढत दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मधे पस्तीस वर्षे उलटली होती. त्याच वर्षी हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होते.

दोन्ही काळांतली ध्वनिमुद्रणे मी आज लागोपाठ ऐकली. आवाजाला वय जाणवते, अंगठ्याला जाणवत नाही. ब्लूज हा आफ्रिकन-अमेरिकनांचा गीतप्रकार म्हटला की त्यात आक्रोश हवाच, असे मानणाऱ्यांना हे गाणे फार सौम्य वाटते. मला मात्र ओसरीवर बसून कोणी समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात तसा तो सूर वाटतो, आणि हातावर लक्ष ठेवावे लागत नाही म्हणूनच त्यांना असे बोलल्यासारखे गाता येत असावे.

अमेरिकी लोकसंगीतातल्या गिटारवादक एलिझाबेथ कॉटन तर डावखुऱ्या होत्या. तारांचा क्रम न बदलता त्या गिटार उलटी धरत, त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे जाई. तरीही त्यांचा ठेका तितकाच पक्का आहे. म्हणजे हा सराव अंगठ्याचा नसून अवधान वाटून देण्याचा आहे.

म्हणून रात्री चाल बाजूला ठेवली आणि नुसत्या खर्जाच्या दोन तारा सावकाश वाजवत बसलो. आईने स्वयंपाकघरातून विचारले, "भात आत्ता लावू की थांबू?" मी "लाव" म्हणालो, आणि अंगठा चालूच होता.