खरवसाच्या चवीचा अर्क: नोंद चौथी, नववा आठवडा

चौथ्या बाटलीला आज त्रेसष्ट दिवस झाले. सकाळी झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच वास नाकाला टोचला नाही. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की हिला अजून वाळलेल्या गवताचा वास मारतोय. तो गेला. आता आधी गूळ येतो, त्याच्या मागून व्हॅनिला, आणि वास ओसरताना जायफळाची ऊब. वेलची मात्र हरवली आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. २०१९ पर्यंत मी व्हेप करायचो, म्हणजे ई-सिगारेट ओढायचो, आणि त्यातही मला वेड फक्त गोडाधोडाच्या चवींचं. फळं, पुदिना यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. कस्टर्डचं लिक्विड आणलं की महिनाभर कपाटात अंधारात ठेवायचं, अधूनमधून हलवायचं, आणि आठवड्याला एक थेंब बोटावर घेऊन वास घ्यायचा. १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटवर बंदी घालणारा वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विक्री तर बंद झालीच, साठा करणंही गुन्हा ठरलं. मी सगळं टाकून दिलं आणि पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. पण इतक्या वर्षांत नाकाला जी सवय लागली होती ती कुठे टाकणार? त्या प्रत्येक चांगल्या कस्टर्डमध्ये मला आईचा कुकरमधून काढलेला गरम खरवस आठवायचा. म्हणून ठरवलं की तोच बनवायचा, पण खाण्यापिण्यासाठी. दुधात, श्रीखंडात, कुल्फीत घालता येईल असा अर्क.

चौथ्या बाटलीचं माप असं आहे: ७५ मिली ग्लिसरीन, २५ मिली उकळून गार केलेलं पाणी, १० ग्रॅम व्हॅनिलाच्या शेंगा, १५ ग्रॅम काळसर कोल्हापुरी गूळ, ०.४ ग्रॅम किसलेलं जायफळ आणि चार वेलच्या. जायफळ मी सोनाराच्या काट्यावर मोजतो, चिमटीच्या अंदाजावर विसंबत नाही. जायफळ आणि वेलची आणायला मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला उतरून मसाला मार्केटला जातो. ठाण्यात जांभळी नाक्यावरही चांगला माल मिळतो, पण तुर्भ्याला जायफळ हातात घेऊन निवडू देतात. बोटाने उचलून पाहायचं, जड लागलं तर घ्यायचं. हलकं जायफळ आतून पोखरलेलं असतं. शेंगा इडुक्कीहून कुरिअरने येतात. नखाने चिरल्यावर आत काळा, ओलसर गर दिसला पाहिजे. कडक, काडीसारखी शेंग आली तर मी परत पाठवतो.

ग्लिसरीनबद्दल मी प्रत्येक नोंदीत लिहितो आणि यापुढेही लिहीत राहीन. बाटलीवर खाण्यायोग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि आयएनएस ४२२ हा खाद्य ग्लिसरीनचा आकडा दिसला तरच घ्या. त्वचेला लावायचं स्वस्त ग्लिसरीन या कामाला अजिबात नको. १९८६ साली आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेलं होतं. तेही गोडसर आणि घट्टच असतं, त्यामुळे जिभेला फरक कळत नाही आणि मूत्रपिंडं निकामी होतात. शंभर रुपये वाचवण्यासाठी हा धोका कुणी घेऊ नये.

अर्क अल्कोहोलमध्ये का काढत नाही, असं काहींनी विचारलं होतं. व्हॅनिलासाठी अल्कोहोल निश्चितच सरस आहे, लवकर आणि जास्त ओढून घेतं. पण आमच्या घरी आई ते चाखणार नाही, आणि तिच्या जिभेशिवाय माझं काम पुढे सरकत नाही. शिवाय ग्लिसरीनला स्वतःची गोडी आहे, साखरेच्या साधारण साठ टक्के. घट्टपणामुळे दुधात पडल्यावर ते तोंडात सायीसारखं पसरतं. ते फार हळू काढतं हा त्याचा दोष मला मान्य आहे. म्हणून पहिला आठवडाभर रोज तासभर बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली. पाणी ५० अंशांच्या आसपास, म्हणजे बोट बुडवलं तर चटका न बसता गरम लागेल इतकंच. पावसाळ्यात झाकण घट्ट हवं, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा शोषून घेतं. अर्क पातळ झाला की टिकणं कमी होतं.

आता मुरण्याबद्दल. या नोंदीत मला मुख्यतः हेच सांगायचं आहे, कारण माझी एक समजूत या बाटलीने मोडली.

व्हेपच्या काळात आम्ही सगळे मानायचो की कस्टर्ड जितकं मुरेल तितकं चांगलं. त्यात तथ्य होतं. रंग हळूहळू तपकिरी व्हायचा आणि सुरुवातीचा उग्रपणा जायचा. व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाला मुख्य वास देणाऱ्या द्रव्याचा, प्रोपिलीन ग्लायकॉल या लिक्विडमधल्या द्रवाशी संयोग होऊन बाटलीतच नवी संयुगं तयार होतात, हे पुढे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलंही. म्हणून मी अर्कातही सगळं पहिल्याच दिवशी एकत्र घालून मोकळा झालो, लोणच्यासारखं. पण लोणच्यातसुद्धा सगळंच मुरायला घालत नाहीत. वरची फोडणी शेवटी पडते.

शेंगेला मुरणं मानवलं. चांगल्या शेंगेत वजनाच्या जेमतेम दोन टक्के व्हॅनिलिन असतं. बाकी धुराचा, लाकडाचा, मनुक्यांचा वास देणारी कितीतरी द्रव्यं असतात. पहिल्या दोन आठवड्यांत हा धूर आणि गवत पुढे येतं आणि वाटतं की बाटली बिघडली. पहिली बाटली मी याच कारणाने विसाव्या दिवशी ओतून दिली होती. आज त्याचं वाईट वाटतं. सहाव्या आठवड्यानंतर तोच धूर गुळाच्या पाठीशी जाऊन बसतो, आणि गूळ चुलीवर कढवल्यासारखा लागतो. नुसता गूळ दुधात विरघळवून ही खोली येत नाही, मी करून पाहिलंय.

वेलचीचं उलट झालं. दहाव्या दिवशी ती सुंदर होती, हिरवी, ताजी. तिसाव्या दिवशी फक्त कापरासारखा गारवा उरला. आज तोही नाही, नुसती एक कडवट कड आहे. म्हणजे तीच बाटली आणि तेच दिवस, पण एकीला मिळालं आणि दुसरीचं गेलं. यापुढे वेलची गाळायच्या आधीच्या चार दिवसांतच पडेल.

लोण्याच्या चवीचा प्रश्न तिसऱ्या बाटलीपासून चालू आहे. साजूक तूप कोमट अर्कात घुसळून, फ्रिजमध्ये थिजवून वरचा थर काढला होता. अर्क गढूळ झाला, वर चिकट तवंग राहिला आणि पंधरा दिवसांत खवट वास आला. टाकून दिला. बाजारात लोण्याचा वास देणारे तयार थेंब मिळतात. त्यांच्यात बहुधा डायअसिटिल हेच द्रव्य काम करतं. खाण्यात ते चालतं, दह्या-लोण्यातही ते मुळात असतंच. पण अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांची फुप्फुसं कायमची खराब झाली, हे २००० नंतर उघड झालं. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, त्यातल्या ३९ मध्ये हे द्रव्य सापडलं. मी ज्या कस्टर्डांवर जीव टाकायचो, ती याच जातीची होती. ते वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. म्हणून इथे ठामपणे लिहितो: हा अर्क पोटात जाण्यासाठी आहे, तापवून श्वासात ओढण्यासाठी नाही. पोटाला जे चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नसतं. लोण्याचं काम मी आता दुधावरच सोडलंय. म्हशीचं दूध ते छान करतं.

रविवारी चव घेतली. खऱ्या चिकाचं दूध आमच्या नौपाड्यात रोज थोडंच मिळणार, म्हणून बिनचिकाचा खरवस केला: दूध, दही आणि कंडेन्स्ड मिल्क सम प्रमाणात, वीस मिनिटं वाफवून. तीन वाट्या केल्या. एकीत काहीच नाही, दुसरीत पाव चमचा अर्क, तिसरीत पाव चमचा अर्क आणि सुईच्या टोकावर मावेल इतकं काळं मीठ. काळ्या मिठात गंधकाचा वास असतो, त्याने अंड्याचा भास होतो. माझ्या डोक्यात कस्टर्ड म्हणजे अंडं हे पक्कं बसलेलं होतं आणि तिसरी वाटी जिंकणार याची मला खात्री होती. कोणत्या वाटीत काय हे मी आईला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं नाही. काकू मूळच्या चिपळूणच्या, घरी गाय होती.

आईने तिसरी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "अरे, याला अंड्याचा वास येतोय. खरवसाला कुठे असतो?"

काकूंनी दुसरी संपवली. म्हणाल्या, "ही जवळ आलीय रे. पण जायफळ पुढे पळतंय. खरवसात जायफळ मागे राहिलं पाहिजे, गिळल्यावर कळलं पाहिजे. आणि तुझ्यात मीठ नाही. चीक मुळातच खारट असतो, बाळा."

मी रात्री उशिरापर्यंत त्यावर विचार करत होतो. चिकात साध्या दुधापेक्षा प्रथिनं आणि क्षार जास्त असतात आणि दुधातली साखर कमी. तो नुसत्या वाफेवर घट्ट होतो तो त्या प्रथिनांमुळेच. हे मला माहीत होतं, पण चवीशी मी ते कधी जोडलंच नाही. इतके महिने मी खरवस म्हणत होतो आणि जिभेने परदेशी कस्टर्ड शोधत होतो. सोमवारी पुन्हा वाफवला. दुसऱ्या वाटीचंच माप ठेवलं, काळं मीठ काढलं आणि साध्या मिठाचे चार-पाच दाणे टाकले. आईने चमचा तोंडात धरून डोळे मिटले. काही बोलली नाही, वाटी मात्र पुढे केली.

पाचवी बाटली काल रात्री भरली. जायफळ ०.२५ ग्रॅमवर आणलंय, शेंगा आणि गूळ तेवढेच. वेलची छप्पन्नाव्या दिवशी पडेल, साठाव्या दिवशी गाळेन. मीठ बाटलीत नाही, वाढताना दुधात. काळं मीठ मी एकदा बाटलीत घालून पाहिलं होतं, तेव्हा दहा दिवसांत त्याचा वास उडाला आणि नुसता खारटपणा राहिला. तो प्रयोग इथेच बंद. केशराच्या दोन काड्या घालायचा मोह होतोय, पण मापात एका वेळी एकच बदल करायचा असं ठरवलंय आणि या वेळी तो मान जायफळाचा.

चौथ्या बाटलीतला तीस मिली काकूंनी मागून नेलाय. त्यांच्या भावाकडची गाय महिनाभरात विणार आहे. चीक आला की एक वाटी अर्क घालून आणि एक न घालता, अशा दोन्ही पाठवते म्हणाल्या.