उताराच्या भरवशावर

गाडी चालू होताना नेमका कसा आवाज येतो, हे शिमग्याआधी मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सतरा वर्षं रोज कानावर पडणारा आवाज, तो कोण ऐकतो? एका सकाळी तो आला नाही, तेव्हा ऐकू आला. पिकप खळ्यात उभी, हौद्यात सोललेल्या नारळांची पोती. मी चावी फिरवली आणि बॉनेटखालून फक्त ‘कट्’ झालं. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं, एकदाच. पुन्हा फिरवली. कट्. तिसऱ्या वेळी मात्र खडखडून चालू झाली आणि मी तो प्रकार विसरून गेलो. छातीत एखादी कळ येऊन गेली की माणूस विसरतो ना, तसंच.

आमच्याकडे गाडी चालू झाली नाही की बॅटरी गेलेली असते. नाक्यावरच्या टपरीत चौघं बसले होते, चौघांनीही बॅटरीच सांगितली. ग्रामसभेत एवढं एकमत मी कधी पाहिलेलं नाही. बॅटरीचा दोष एवढाच की ती बॉनेट उघडल्यावर समोर दिसते. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, खाली, इंजिनाच्या कुशीत, तेलाच्या आणि लाल मातीच्या थराखाली दडलेला. त्याचं नाव घ्यायला आधी वाकावं लागतं.

मीही आधी बॅटरीच धरली. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढली होतीच. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे बिजागरीपासून टीव्हीच्या डिशपर्यंत सगळंच फुलतं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला, फसफसून सगळं पांढरं झालं, पुसल्यावर खालचं शिसं करडं चमकलं. चासीला जिथे अर्थिंगची पट्टी आवळलेली असते तिथला बोल्ट काढला तर गंजाचे पापुद्रे हातात आले. तेही घासलं, वरून व्हॅसलीन चोपडलं. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी कट्.

मग म्हटलं, अंदाज पुरे, आता कान लावायचा. या आजारात आवाज तीन. पाल चुकचुकावी तसं भराभर ‘टकटकटकटक’ झालं तर खरोखरच बॅटरी अशक्त. ती जोर लावते, लगेच मान टाकते, परत लावते. नुसतं ‘घुर्रर्र’ करून मोटर फिरली आणि इंजिन ढिम्म राहिलं तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक, घसरतोय किंवा इंजिनाच्या जड चाकावरच्या, फ्लायव्हीलच्या, रिंगचे दात खाल्ले गेलेत. आणि एकच ठाम ‘कट्’ आला तर सोलेनॉइडने, म्हणजे सेल्फवरच्या विजेच्या खटक्याने, आपलं काम केलंय. त्याने दातेरी चाक पुढे ढकललंय, जाड तांब्याचे दोन तुकडे एकमेकांना भिडवलेत आणि आता तो मोटरची वाट बघतोय. मोटर मात्र उठत नाही.

रात्री गाडी गडग्याकडे तोंड करून लावली आणि हेडलाइट टाकले. जांभ्याच्या दगडांवर उजेड पडला, एका भोकातून सरडा बाहेर आला. चावी फिरवली. कट्. उजेड तसाच. तो विडीच्या टोकासारखा मंदावला असता तर बॅटरी तरी कमजोर किंवा मोटर तरी आतून जाम, एवढं कळलं असतं. इथे तो दचकलासुद्धा नाही. मीटर लावला. स्वस्थ बॅटरी 12.6 व्होल्ट, चावी फिरवल्यावर 12.4. सेल्फ खरोखर जोर लावत असता तर हा आकडा दहा-साडेदहापर्यंत तरी उतरायला हवा होता. घरातला छताचा पंखा अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही. आणि डिझेल गाडीचा सेल्फ त्या दोन-तीन सेकंदांत दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. एवढा खाणारा माणूस आणि ताटाला हात लावत नाही, म्हणजे दुखणं त्याच्यातच.

दुसऱ्या सकाळी पुतण्याला चावीवर बसवलं, मी गाडीखाली शिरलो आणि जॅकच्या टॉमीने, म्हणजे लोखंडी दांडीने, सेल्फच्या अंगावर हलकेच दोन ठोके दिले. “मार!” म्हटलं. त्याने चावी मारली आणि माझ्या तोंडावर सगळी माती पाडत इंजिन चालू झालं. ठोक्याने हा मार्गावर येतो म्हणजे कार्बन झिजलेत. आत फिरणाऱ्या आर्मेचरला वीज देणारे ते चौकोनी ठोकळे स्प्रिंगच्या दाबाने त्याच्यावर टेकलेले असतात. झिजत झिजत ते इतके आखूड होतात की स्प्रिंग त्यांना पोचवू शकत नाही. मग ठोका बसला की टेकतात, नाहीतर केसभर अंतरावर लटकत राहतात.

या सेल्फबद्दल मला तेव्हापासून एक विचित्र जिव्हाळा वाटायला लागलाय. आमच्या देवळात कोणतंही कार्य असो, आधी गाऱ्हाणं घालणारा उभा राहतो. तो देवाला हाक मारतो, गावाची पिडा सांगतो, लोक मागून “व्हय महाराजा” म्हणतात. त्याचं झालं की तो खांबाला टेकून विडी ओढत बसतो, पुढचा सगळा धुमाकूळ ढोलवाल्यांचा. पण तो आला नाही तर ढोल हातातच राहतात. सेल्फचं तसंच. त्याचं बारीक दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या रिंगला भिडतं, ती एकदा फिरेपर्यंत याचे दहा-बारा फेरे होतात, इंजिनाने श्वास घेतला की हा बाजूला. दिवसाकाठी एकूण अर्धं मिनिट काम. आणि नावही बघा, सेल्फ. म्हणजे स्वतः. ज्या दिवशी हा स्वतः जातो त्या दिवशी ढकलायला अख्खी वाडी लागते.

सेल्फच्याही आधी हँडल होतं. मामाच्या जीपचं मला आठवतं. पुढून लोखंडी दांडा घालायचा आणि खालून वर झटक्याने ओढायचा. मामाने पहिल्यांदा शिकवलं ते फिरवायचं नाही, धरायचं. अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिन उलटं मारलं तर अंगठा जातो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने हे दुखणं मिटवलं, 1912 च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर बसवून. हा माणूस त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांच्या कारखान्यात होता. गल्ल्याचा खण उघडायला त्याने विजेची मोटर वापरली होती. गल्ला काय दिवसभर उघडत नाही, क्षणभर उघडतो. म्हणजे लहानशा मोटरकडून क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचं काम करून घेता येतं, मात्र नंतर तिला निवायला सवड द्यायची. म्हणून सेल्फ दहा सेकंदांच्या वर रेटू नये, मध्ये दोन मिनिटं थांबावं. आमच्याकडे चिडलेला माणूस बरोबर उलट करतो.

तर कार्बन बदलून आणले. बाजारात मागच्या गल्लीत चाचांचं वाइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी जुने कार्बन माझ्या तळहातावर ठेवले. नवा बोटाच्या पेराएवढा, माझे हरभऱ्याएवढे. “बुश पण गेलाय, भाऊ,” ते म्हणाले. बुश म्हणजे आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी. “आर्मेचर रगडतंय. सीझन काढाल. पाऊस नाय काढणार.” आंब्याचा सीझन निघतोय म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही.

सीझनही निघाला नाही. दहा-बारा दिवसांत ‘कट्’ परत आला, गाडी उतारावरून सोडूनच चालू करावी लागली आणि माझा भूगोल बदलला. या गावात मी जन्मलो, पण कोणती जागा किती उतरती आहे याचा नकाशा माझ्याकडे नव्हता. आता शाळेसमोर उत्तम उतार, टपरीकडे बेताचा, बँकेसमोर शून्य. बँकेत मी चालत जायला लागलो. पूर्वी टपरीवाल्याच्या चहाला नावं ठेवायचो, तो उताराच्या जोरावर माझा रोजचा टपरीवाला झाला. हेदवीचा दशभुज गणपती टेकडीवर आहे, म्हणजे परतीला उतारच उतार. एका महिन्यात मी इतक्यांदा दर्शनाला गेलो की आईला वाटलं मुलाचं मन वळलं. गुहागरला जायचं मात्र जिवावर यायचं. ते गाव समुद्राला धरून लांबच लांब पसरलेलं, वरचा पाट काय नि खालचा पाट काय, गाडी लावून सोडायला सोयीचा उतार मला तरी सापडला नाही. तिथे इंजिन चालू ठेवून खरेदी करायची, घासाघीस न करता.

उतारावरची रीत अशी. चावी ऑन, क्लच दाबलेला, दुसरा गिअर, हँडब्रेक सोडायचा. गाडी आवाज न करता सरकायला लागते, फक्त टायरखाली खडी करकरते. वेग आला की क्लच झटकन सोडायचा. गाडी एक उचकी देते आणि चालू. पहिला गिअर घातला तर चाकंच अडतात, तिसऱ्याला ताकद पुरत नाही. एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. इंजिन बंद असताना ब्रेक दोनदा दाबला की तिसऱ्यांदा पायाखाली दगड लागतो. हे मला शाळेसमोरच्या उतारावर, एका बैलाच्या साक्षीने कळलं. बैल शहाणा होता, तो बाजूला झाला.

आणि मग तवसाळची फेरीबोट. एप्रिलचा शेवट, हौद्यात चाळीस पेट्या हापूस, पलीकडे जयगडवरून रत्नागिरीला पोचवायच्या. गाड्या बोटीवर चढल्या की इंजिन बंद करायचं असतं. खलाशाने हाताने खूण केली, मी मान हलवून बंद केलं, आणि तेवढ्यात आठवलं. बोटीला उतार नसतो.

शास्त्री नदीची खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. एरवी मी कठड्याला उभा राहून घार बघतो. त्या दिवशी मी सीटवर हात जोडून बसलो होतो. पलीकडे लोखंडी फळी खाली पडली, मोटारसायकली भुर्रकन गेल्या, सगळ्यात पुढे मी. कट्. मागून हॉर्न. मी खाली शिरून टॉमीने ठोकलं, हलके, मग जोरात, मग रागाने. कट्. त्यातून ओहोटी लागलेली. ओहोटीला पाणी खाली जातं आणि जेट्टीचा चढ तेवढाच वाढतो. महिनाभर मी ज्याच्या भरवशावर होतो तो उतार समोरच होता, पण उलटा.

शेवटी मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या द्यायचं थांबवून खांदा लावला. खलाशी, दोन मासेविक्या बायका, कॉलेजची पोरं, एक धोतरवाले आजोबा. शिमग्यात पालखी चढावर नेतात तसं “होऽऽ” करत सगळ्यांनी ती गाडी पेट्यांसकट वर नेली. आजोबांनी ढकललं काहीच नाही, पण ओरडले सगळ्यात जास्त. वर पोचल्यावर मी एक पेटी फोडून वाटायला लागलो तर एक बाई म्हणाली, “आंबे रायले, आधी गाडी दुरुस्त करा.” आंबे मात्र घेतले.

चाचांनी सेल्फ उघडण्याआधी नाकाशी धरला. “जळला,” म्हणाले. आत आर्मेचरच्या पाठीवर लखलखीत ओरखडे होते. बुश झिजल्यामुळे ते फिरताना भोवतालच्या लोखंडावर घासत होतं, वाइंडिंगची लाख काळी पडली होती. “सीझन काढाल बोललो होतो. चुकलो.” एवढं सरळ कोण कबूल करतं हल्ली? नवा सेल्फ दोन पेट्यांत बसला, पण तो एप्रिलच्या भावाने. मे अखेरच्या भावाने मोजला असता तर पाच.

बसवला मीच, खळ्यात गोणपाट पसरून. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची. सेल्फकडे जाणारी जाड वायर बॅटरीतून थेट येते, तिला मध्ये फ्यूज नाही. पाना चुकून चासीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. खालचा बोल्ट सुटला. वरचा दिसतच नाही, बोटांनी चाचपावा लागतो, आणि सतरा पावसाळ्यांनी त्याला आपलासा केला होता. रात्रभर गंज सोडवणारं तेल पाजलं. सकाळी पान्याच्या दांडीला पाइप घालून रेटला तेव्हा ‘टक्’ करून असा सुटला, की वाटलं तुटला. सेल्फ आठ-नऊ किलोंचा, एका हाताने पेलताना तो सरळ छातीवर येऊन बसला. भोकातून टॉर्च मारून, इंजिन हाताने फिरवत रिंगचे दात एकेक बघितले, सगळे शाबूत. टेकण्याची जागा काचपेपरने घासली, कारण अर्थिंग तिथूनच मिळतं. नवा वर चढवायला मात्र पुतण्याचे पाय लागले. तो उताणा पडून दोन्ही पायांनी सेल्फ दाबून धरत होता आणि मी बोल्टाचा पहिला आटा शोधत होतो. चावी फिरवली. कट् ऐकूच आला नाही, इतक्यात इंजिन चालू.

परवा हिला घेऊन हेदवीला गेलो होतो. दर्शन झालं, प्रसाद झाला, गाडीत बसलो. मी चावी ऑनपर्यंत फिरवली, दुसरा गिअर टाकला आणि हात हँडब्रेककडे गेला.

“अहो, नवीन बसवलाय ना?”

“बसवलाय.”

“मग?”

मी हँडब्रेक सोडला. खडी करकरायला लागली.