परतवारी

सारियातून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं आणि गॅलिसिया देशाच्या पार वायव्य कोपऱ्यात, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे साडेआठ वाजून जाईपर्यंत उजाडत नाही. भाचीने कपाळाला दिवा बांधला होता. मी तिच्या मागे, तिच्या टाचांकडे बघत. पहिले दीड तास मी सांतियागोची वाट पाहिलीच नाही, फक्त तिचे बूट पाहिले.

स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाला जाणारी ही वाट पूर्ण चालायची तर फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासून साधारण 780 किलोमीटर होते. आम्ही शेवटचे 115 चालणार होतो. सांतियागोला पोचल्यावर 'कोंपोस्तेला' हे लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी निदान 100 किलोमीटर पायी यावं लागतं, म्हणून सारियापासून गर्दी वाढते. महिनाभर चालत आलेले लोक आमच्याकडे जरा वरूनच बघायचे. त्यांचंही बरोबर आहे. शेवटच्या मुक्कामाला दिंडीत घुसणाऱ्याकडे कोण कौतुकाने बघेल?

एक आधीच सांगून टाकते. आम्ही प्रॉटेस्टंट. संतांच्या कबरी, अस्थी, त्यांच्यासाठी केलेले नवस, हे आमच्यात नाही. सांतियागो म्हणजे संत याकोब, येशूचा शिष्य. जब्दीच्या या याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारलं, एवढं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याचं शरीर स्पेनच्या टोकाला कसं आलं याबद्दल बायबल गप्प आहे. नवव्या शतकात तिथे एक थडगं सापडलं, ते याकोबाचंच असं बिशपने ठरवलं आणि लोक चालू लागले. मी थडग्यासाठी गेले नव्हते. 34 वर्षं नर्सिंग केलं, निवृत्त झाले, आणि घरी बसल्यावर लक्षात आलं की माझ्या मनात एक वही आहे. कुणाकुणाचं मी काय केलं आणि कोण वळूनही न बघता गेलं, याची. प्रार्थनेला बसले की वही उघडायची. भाची म्हणाली, "आत्या, चल. चालून बघ." म्हणून गेले.

आणि पानगळ बघायची होती, हेही खरं.

'ऑटम'ला आपण शरद म्हणतो, पण ते नुसतं रकाना भरणं आहे. आपला शरद म्हणजे पाऊस सरल्यावर धुतलेलं आकाश आणि चांदणं. 'शंभर शरद जग' असा आशीर्वाद देतो आपण. पानं गळायची ती शिशिरात. मला वाटलं होतं, तिकडचा ऋतू म्हणजे उदास काहीतरी असेल. निघालं भलतंच. वाटेवर चेस्टनटची जुनी झाडं, काहींचे बुंधे तिघांच्या कवेत मावणार नाहीत असे, आणि खाली काटेरी बोंडांचा सडा. बोंड उकललं की आत दोन-तीन तपकिरी, तुळतुळीत फळं. बटाटा आणि मका अमेरिकेतून येण्याआधी या मुलखातली गरीब माणसं हिवाळ्यात यावरच जगायची. शेताकडेला दगडी पायांवर उभी केलेली अरुंद धान्यकोठारं दिसतात, त्यांना 'हॉरेओ' म्हणतात. पाय आणि कोठार यांच्यामध्ये सपाट पसरट दगड असतो, उंदराला वर चढता येऊ नये म्हणून. पानं गळत होती आणि कोठारं भरत होती. उदास कसलं, घाईगर्दीचा हंगाम होता तो.

दुपारी पाऊस लागला. गॅलिसियात तो लागणारच. 100 किलोमीटर उरल्याचा दगड आला तेव्हा माझे मोजे पाण्याने पिचपिचत होते. त्या दगडावर जगभरच्या लोकांनी इतकं खरडून ठेवलंय की आकडा शोधावा लागतो. भाचीने फोटो काढला. फोटोत मी हसतेय, पण डाव्या टाचेत काय चाललंय ते मला कळत होतं. रुग्णाला 'अहो, दुखल्यावर लगेच सांगायचं' असं आयुष्यभर ओरडले आणि स्वतः आणखी आठेक किलोमीटर तशीच रेटत राहिले.

पोर्तोमारीन हे गाव मुळात आत्ता आहे तिथे नव्हतं. 1960च्या दशकात मिन्यो नदीवर धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं टेकडीवर वसवलं. सान निकोलासचं चर्च मात्र दगड न् दगड सुटा करून वर आणलं आणि पुन्हा रचलं. दगडांवर घातलेले नंबर अजून दिसतात. पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. पुलावरून खाली बघितलं तर चिखलातून भिंतींच्या रेषा वर आल्या होत्या. एरवी मी तिथे अर्धा तास उभी राहिले असते. त्या दिवशी मला पुलापलीकडचा उंच जिना तेवढा दिसला.

यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेला 'अल्बेर्गे' म्हणतात. दारात बूट काढायचे, यात्रेच्या वहीवर शिक्का घ्यायचा, वरच्या किंवा खालच्या खाटेवर पडायचं. शिक्का मारणारी बाई साठीची असेल. तिने माझ्या चालण्याकडे बघितलं, हातातला शिक्का ठेवला आणि बाकाकडे बोट केलं. मी मान हलवली, नको नको. ती काही ऐकणाऱ्यातली नव्हती. कोमट पाण्याचं घमेलं आणलं, खाली बसली आणि माझा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला.

मला विलक्षण लाज वाटली. एवढ्या वर्षांत हजारो पाय हाताळले असतील, मधुमेहाचे सडलेले, गिरणीत चेंगरलेले. माझा पाय मात्र कुणी हातात घेतला नव्हता. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्राने पाय मागे घेतला, त्याला मी नेहमी नम्रपणा समजत आले. त्या बाकावर वाटलं, नम्रपणा कसला, अडून बसला होता तो. देणाऱ्याच्या जागेवरून उठायचं नव्हतं त्याला, आणि मलाही.

तिने फोड सुईने टोचला आणि दोरा आरपार ओवून तसाच ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. यात्रेकरूंची ही जुनी पद्धत आहे. नर्स म्हणून सांगते, करू नका. दोऱ्याबरोबर जंतू आत जातात. पण मला स्पॅनिश येत नव्हतं आणि तिचा हात इतका हलका होता की मी गप्प बसले. तिने पट्टी बांधली आणि टाचेवर हलकेच थाप मारली. आम्ही वॉर्डात मारतो तशी. झालं, जा.

सकाळी सामान आवरताना नेहमीची धांदल. काळोखात कुजबूज, पिशव्यांची खसखस. ती बाई आतल्या खोलीत कुणाशी तरी बोलत होती. थांबलं असतं तर पाच मिनिटं गेली असती. पुढचा टप्पा पालास दे रेई, 25 किलोमीटरचा होता. आम्ही निघालो.

दहाएक किलोमीटर गेल्यावर पाऊस थांबला, कडेच्या ओकमधून ऊन आलं, आणि मला एकदम आठवलं की मी तिला काहीच बोलले नाही. 'ग्रासियास' हा एक शब्द तर येत होता. तोही नाही.

मनातली वही मग आपणहून उघडली. आज पहिल्यांदा तीत माझं नाव होतं.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. येशू त्यांना हात लावत नाही, नुसतं म्हणतो, जाऊन याजकांना दाखवा. ते निघतात आणि वाटेतच, चालता चालता, बरे होतात. एक मागे फिरतो, तो परका, शोमरोनी. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? यावर मी इतके उपदेश ऐकलेत की मोजदाद नाही, आणि प्रत्येकात त्या नऊ जणांना झोडपलेलं. मीही मनात झोडपलंय. डिस्चार्जचा कागद हातात पडला की तडक लिफ्टकडे जाणारे सगळे त्या नऊंत.

पालास दे रेईच्या वाटेवर मला त्यांची दया आली. ते वाईट नव्हते. जायला सांगितलं होतं, ते जात होते. वाट बरोबर होती, आज्ञा पाळत होते. या सगळ्या वाटेवर पिवळे बाण आहेत. ओ सेब्रेइरोचा पाद्री एलियास वालिन्या याने 1984मध्ये स्वतः हिंडून ते रंगवायला घेतले, तेव्हा ही वाट जवळजवळ विसरली गेली होती. झाडावर, दगडावर, गोठ्याच्या भिंतीवर बाण आहेत आणि सगळे एकाच दिशेचे, पुढे. मागे वळायचा बाण नाही. आभार मानायचे तर त्या शोमरोन्याला ठरलेली वाट सोडावीच लागली.

भाचीला म्हटलं, "परत जाऊ या का?"

तिने आधी माझ्याकडे आणि मग पायाकडे बघितलं. "आत्या, एवढ्यासाठी? दहा किलोमीटर? संदेश पाठवू ना आपण."

गेले नाही. पाय खरंच साथ देत नव्हता. पण तो शब्द तोंडात अडकल्यासारखा झाला.

मेलिदे, आर्सूआ हे मुक्काम नीटसे आठवत नाहीत. पालेभाजी, बटाटा आणि घेवड्याचं गरम सूप आठवतं, ओले कपडे आठवतात. आर्सूआच्या पुढे निलगिरीची लावलेली रानं सुरू झाली. ते झाड ऑस्ट्रेलियातून आणलेलं, सदा हिरवं. सालीच्या पट्ट्या लोंबतात, पण पानगळ नाही. मला तिथे करमेना. वास छान, सावली छान, तरी काहीतरी चुकल्यासारखं. भाची वनस्पतिशास्त्र शिकवते, तिने चालता चालता धडा घेतला. पान गळण्याआधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि नायट्रोजनसारखं कामाचं बरंचसं फांदीत परत घेतं. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरवा हटला की दिसतो. देठाशी पातळ थर तयार होतो आणि मग पान सुटतं.

"म्हणजे घेतलेलं बरंचसं परत करून जातं," मी म्हटलं.

"आत्या, पान काही ठरवून करत नाही."

तिचं बरोबर होतं. मी तरी पोर्तोमारीनला कुठे ठरवून पुढे निघाले होते?

सहाव्या दिवशी सांतियागो. कॅथीड्रलसमोरच्या ओब्रादोइरोच्या चौकात लोक दगडी फरशीवर आडवे पडलेले, रडणारे, बूट उशाला घेतलेले. दुपारच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, मी मागच्या बाजूला उभी राहिले. 53 किलोचं ते प्रसिद्ध धूपपात्र काही त्या दिवशी हललं नाही, ते रोज हलवत नाहीत. वेदीमागे जाऊन याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारायची रीत आहे. रांगेत उभी राहिले, जवळ गेले, आणि मिठी मारली नाही, खांद्यावर हात ठेवला. तेवढं जमलं.

यात्रेकरूंच्या कचेरीत विचारतात, कशासाठी चाललात? मी 'धार्मिक'वर खूण केली. अर्ध्या मनाने. सांगितलेलं काम झालं होतं, याजकाला दाखवून झालं होतं.

आमच्या शेजारचे एक वारकरी आजोबा सांगायचे, पंढरीला जाताना लाखो, पण पालखी परत येते तेव्हा तिच्याबरोबर मोजकी माणसं. परतवारी त्यांनी कधी चुकवली नाही. जुन्या काळी सांतियागोचा यात्रेकरूही चालतच घरी जायचा, दुसरा उपायच नव्हता. आता सगळे विमानतळाकडे जातात. आमच्याकडे दोन दिवस होते. भाचीने समुद्र बघायचा बेत केला होता. मी म्हटलं, "तू जा. मी पोर्तोमारीनला जाऊन येते."

लुगोला बस बदलली. सहा दिवस ज्या मुलखातून पाय ओढले तो खिडकीबाहेर हातरुमालासारखा घडी होत गेला. चौकात उतरून मी अल्बेर्गेकडे खाली जाऊ लागले. उशीर झालेले काही यात्रेकरू चढून येत होते. उलट्या दिशेने जाणारी बाई बघून एकाने मला थांबवलं, पिवळ्या बाणाकडे बोट दाखवलं, तिकडे, तिकडे! मी मान डोलावली आणि खालीच निघाले. पुढे आणखी दोघांनी थांबवलं.

ती दारातच होती, कुणाच्या तरी वहीवर शिक्का मारत. वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य मी म्हटलं. ती हसली, पण ओळख पटली नव्हती. दिवसाला चाळीस चेहरे बघणाऱ्या बाईला का पटावी? मलाही चेहरे आठवत नसत. मी बाकावर बसले, बूट काढला, मोजा उतरवला.

तिने टाच हातात घेतली आणि तिचे डोळे एकदम चमकले. पाय ओळखला होता. मग कपाळाला आठी पडली. तिने बोटांनी दोरा ओढल्याची खूण केली, कुठे गेला?

मी काढून टाकला होता, दुसऱ्याच दिवशी. मीही खुणेनेच सांगितलं. तिने जीभ चुकचुकवली आणि कुणालाही कळेल अशा स्पॅनिशमध्ये मला चांगलं फैलावर घेतलं.