‘काहीतरी वाचायला द्या की’: शहापूरच्या आमच्या पुस्तकांच्या दुकानाची वाटचाल

बेळगावातल्या शहापूरमधलं आमचं दुकान मुळात वह्या, पाट्या, कंपासपेट्या आणि गाईडं विकणारं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते थाटलं तेव्हापासूनची रीत ठरलेली होती. जून-जुलैत जेवायला सवड नाही आणि दिवाळी सरली की गल्ल्यात खडखडाट. त्या रिकाम्या महिन्यांसाठी मी एका फळीवर गोष्टीची पुस्तकं ठेवायला सुरुवात केली. मी माहेरची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे आणि त्यांच्या चोपड्यांच्या शेजारी कादंबऱ्या असायच्या. त्यामुळे विकायला ठेवण्याआधी पुस्तक आपण वाचायचं, हे मला वेगळं कुणी सांगावं लागलं नाही. फळीचं कपाट झालं, मग मागची अख्खी खोली पुस्तकांची झाली. आजही वह्या पुढे आणि पुस्तकं मागे अशीच मांडणी आहे, पण लोक ओळखतात ते मागच्या खोलीवरून. पाटीवर नियमाप्रमाणे वर मोठी कन्नड अक्षरं, खाली मराठी. आत दोन्ही भाषांची पुस्तकं.

‘बेळगावात मराठी पुस्तकं विकायची म्हणजे वाचक तयारच,’ असं पुण्याकडची मंडळी म्हणतात. वाचक आहेत हे खरंच. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथंच भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. इंदिरा संत याच गावात राहिल्या. थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात आणि ग्रंथदिंडीत म्हाताऱ्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे चालतात. पण मुरलेल्या वाचकाला वाचनालयाची वर्गणी पुरते. दुकानात येणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणासाठी आलेला असतो. नातीच्या वाढदिवसाला द्यायचं असतं, रिटायर होणाऱ्या मास्तरांना द्यायचं असतं, नाहीतर दवाखान्यात पडून असलेल्या भावाला. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘काहीतरी वाचायला द्या की.’

त्या ‘काहीतरी’ला नीट उत्तर द्यायचं, हाच आमचा धंदा. बाकी बिलं, पार्सलं, गठ्ठे सगळे दुकानदार करतात.

त्यासाठी आमच्याकडे एक वही आहे. लांबडी, लाल कापडी बांधणीची, उधारी लिहायला वापरतात तसली. घरातलं जो कुणी पुस्तक वाचेल त्यानं तीत नोंद करायची आणि खाली नाव लिहायचं. मी, आमचे हे, मामा आणि कॉलेजात असलेली पुतणी असे आम्ही चौघं लिहितो. वर्तमानपत्रातली परीक्षणं आम्ही आवडीनं वाचतो, पण त्यांचा रोख लेखकाकडे असतो. आमच्या वहीत वाचणाऱ्याबद्दल लिहायचं असतं. अक्षर केवढं आहे, गोष्ट कितव्या पानावर पकड घेते, जोडाक्षरं किती, बोलीभाषा कितपत अडते, मरण किंवा मारहाण आहे का, कुणाला देऊ नये. ‘छान आहे’ एवढंच लिहिलेली नोंद मामा खोडतात.

‘बनगरवाडी’पुढे मामांचीच नोंद आहे: ‘पानं थोडी. तरणा मास्तर वाडीकडे चालत निघतो आणि आपणही चालायला लागतो. शेवटी दुष्काळ आहे, मन जड होतं. आठवी-नववीपासून पुढे कुणालाही. जन्मात कादंबरी न वाचलेल्या मोठ्या माणसाला पहिली म्हणून हीच द्यावी.’ नारायण धारपांच्या भयकथांपुढे पुतणीनं लिहिलंय: ‘रात्री एकटं झोपणाऱ्याला विचारून द्या. दहावीच्या खाली नको. मोबाइलमुळे वाचन सुटलेल्या मुलाला परत आणायला याच्याइतकं दुसरं काही नाही.’ ‘स्मृतिचित्रे’पुढे माझी नोंद: ‘जाडी बघून बायका बिचकतात. मधलं कुठलंही पान उघडून वाचून दाखवावं, मग पुस्तक हातातून सुटत नाही. सासू आणि सून दोघींना चालतं.’ खरंच, लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक आम्ही विकतो त्यातलं निम्मं असं उभ्या-उभ्या वाचून दाखवूनच जातं.

खरी कसोटी लागते ती मुलांच्या पुस्तकांत. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सीमाभागात हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आम्ही रोज काउंटरवर बघतो.

पुस्तकाच्या मागे वयोगट छापलेला असतो, ८ ते १०, १० ते १२. तो आकडा घरात, शाळेत, दुकानांच्या पाट्यांवर मराठीच बघत वाढणाऱ्या मुलाचा असतो. आमच्याकडचं मूल घरी मराठी बोलतं, शाळा इंग्रजी माध्यमाची, कन्नड सगळ्याच शाळांत सक्तीचं आणि देवनागरी त्याला भेटते ती हिंदीच्या तासाला. त्यामुळे सहावीतल्या पोराला गोष्ट सगळी समजते, पण वाचायला बसलं की ते दुसरीतल्यासारखं अक्षर लावत बसतं. त्याच्या वयाचं पुस्तक दिलं तर पहिल्या पानावरच्या ‘वात्सल्य’, ‘उत्कंठा’ अशा शब्दांत ते अडकतं. दुसरीचं दिलं तर बदकाच्या पिल्लाची गोष्ट बघून त्याला अपमान वाटतो, आणि तो वाटणारच. आईवडील म्हणतात, ‘ह्याला मराठीची आवडच नाही.’ मला हे अजिबात पटत नाही. आवड आहे, त्याच्या मापाचं पुस्तक त्याच्या हातात कुणी ठेवलेलं नाही.

म्हणून आम्ही वय नंतर विचारतो. आधी विचारतो, घरात त्याला वाचून दाखवणारं कोण आहे? अर्ध्यावर टाकलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, कोणत्याही भाषेतलं? दुकानात उभं करून ‘वाच बघू’ म्हणणाऱ्या पालकांना आम्ही हात जोडून थांबवतो. चार लोकांसमोर अडखळलेलं मूल पुन्हा त्या खोलीत यायचं नाव काढत नाही. त्याला तीन पुस्तकं देऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतो आणि पालकांना पुढे वह्यांकडे घेऊन जातो. तिन्हींपैकी ज्याचं दुसरं पान उलटलं जातं, ते त्याचं पुस्तक.

घरात आजी-आजोबा वाचून दाखवणारे असतील तर माझ्या हातात पहिल्यांदा येतं ‘बखर बिम्मची’. जी. ए. कुलकर्णी जन्मानं आपल्या जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. त्यांच्या मोठ्यांसाठीच्या कथांनी दडपून जाणाऱ्या लोकांना, त्यांनीच लहानग्या बिम्मची ही गोष्ट लिहिली आहे, हे सांगितलं की नवल वाटतं. मुलानं स्वतः वाचायचं असेल तर माधुरी पुरंदऱ्यांची चित्रपुस्तकं. वाक्यं छोटी, पण घर, माणसं, रुसवेफुगवे सगळे खरे. त्यामुळे मोठ्या मुलालाही ती बालिश वाटत नाहीत. विंदा करंदीकरांच्या बालकविता मी मुद्दाम देते, कारण ताल धरला की जोडाक्षर आपोआप उच्चारलं जातं, मूल अडलं तरी पुढची ओळ त्याला ओढून नेते. गाडी रुळावर आली की मग भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहेच. आणि ज्यांना सध्या पुस्तक परवडत नाही त्यांना आम्ही बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक सांगतो. १९७१ पासूनचं हे मासिक आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर जुने अंक फुकट वाचता येतात. यात आमची विक्री होत नाही, पण तिथं वाचायला लागलेलं मूल पुढे दुकानात येतं.

एक मुलगी मला कायम आठवते. टिळकवाडीत राहणारी, इंजिनिअरिंगला असलेली. आईबरोबर आली होती, स्वतःला काही नको होतं. ‘मला मराठी वाचायला लई टाइम लागतो आंटी,’ म्हणाली. मी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ काढून एक पान मोठ्यानं वाचलं. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, मधूनच येणारे कानडी शब्द, ती गल्लीतली माणसं. गावाचं नाव नसलं तरी इथल्या माणसाला गाव लगेच ओळखू येतं. ती ऐकता ऐकता हसायला लागली, ‘अय्यो, हे तर आमच्यासारखंच बोलूलाल्यात की!’ ते पुस्तक घेऊन गेली, मग ‘शारदा संगीत’, मग ‘पंखा’, मग ‘झुंबर’. आपलं बोलणं अशुद्ध आहे असं लहानपणापासून ऐकत आलेल्या इथल्या मुलांना हे पुस्तक दिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्यांत ऐतिहासिक कादंबरीला मरण नाही. रणजित देसाईंचं कोवाड इथून जवळच, त्यामुळे ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ इथं घरच्या माणसानं लिहिल्यासारखी वाचली जातात. वडगावातले एक विणकर काका आहेत. अशा झाडून सगळ्या कादंबऱ्या त्यांनी संपवल्या आणि ‘वैनी, आता काय?’ म्हणून समोर उभे राहिले. मी त्यांना गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ दिला. ‘ह्यात तलवारी कमी आहेत काका, पण माणूस स्वतः १८५७ च्या धामधुमीत झाशीत होता,’ एवढंच सांगितलं. आठवड्यानं आले ते नकाशा मागत, हा भटजी कुठून कुठं चालला ते त्यांना बघायचं होतं. तेव्हापासून त्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत आम्ही नकाशाची झेरॉक्स घालून देतो. ज्या प्रकारात वाचक रमला आहे त्याच्या अगदी शेजारचं पुस्तक द्यायचं. इतिहासावरून एकदम कवितेवर उडी मारायला लावली तर माणूस बुजतो.

कन्नडची वाटही याच खोलीतून जाते. भैरप्पांच्या कादंबऱ्या इथला मराठी वाचक उमा कुलकर्णींच्या अनुवादातून वाचतो. उमाताईंचा जन्म बेळगावचा आणि त्यांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. कन्नड शाळेत शिकलेल्या मराठी पोरांना मी मूळ कन्नड प्रतही दाखवते आणि सांगते, दोन्ही वाच, तुला जमतं, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला जमणार नाही. राजकारण ज्याला करायचं त्यानं करावं. दोन भाषांत वाचू शकणाऱ्या मुलाला अर्धंच का द्यायचं?

धंद्याच्या अडचणी सांगायच्या तर पहिली पावसाची. इथला पाऊस बाहेरच्यांना कल्पना करता येत नाही. जुलै-ऑगस्टात भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात आणि कापडी बांधणीच्या पुठ्ठ्यावर एका रात्रीत पांढरी बुरशी येते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची, खालची फळी रिकामी ठेवायची, कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या, संध्याकाळी दिवा लावून ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तक उघडून वारा द्यायचा, हे सगळं करावंच लागतं. दुसरी अडचण मालाची. लहान दुकानाला कमिशन कमी, पार्सलचा खर्च आपल्या अंगावर आणि न खपलेला माल परत घ्यायला फार थोडे तयार. एका पुरवठादारानं कडा पिवळ्या पडलेल्या जुन्या प्रतींवर नव्या किमतीची स्टिकरं चिकटवून पाठवली होती. आम्ही गठ्ठा तसाच परत केला आणि तेव्हापासून पार्सल आणणाऱ्यासमोर उघडून बघितल्याशिवाय सही करत नाही.

सल्ला आमच्याकडून घेऊन पुस्तक मोबाइलवर स्वस्तात मागवणारेही आहेत. याचं वाईट वाटतं. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शटर बंद असताना लोकांनी फोन करून विचारलं ते ‘कुठलं वाचू’ हेच. तेव्हा फोनवर पानं वाचून दाखवली, नोंदी व्हॉट्सअॅपवर पाठवल्या आणि त्यातूनच वार्षिक वर्गणी निघाली. घरातल्या प्रत्येकाबद्दल आम्ही विचारून घेतो, दर महिन्याला निवडून पुस्तक देतो, पटलं नाही तर आठ दिवसांत बदलून देतो, मात्र का पटलं नाही ते सांगायचं. ती कारणं वहीत जातात. आज दुकानाचं भाडं या वर्गणीतून निघतं.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांचे शिक्षक वाचनकोपऱ्यासाठी पुस्तकं न्यायला येतात. पैसे थोडे असतात, म्हणून जाडजूड चरित्रं घेऊन आकडा गाठायचा त्यांचा विचार असतो. मी त्यांना सांगते, पुस्तकं निम्मी घ्या, पण प्रत्येकाच्या दोन प्रती घ्या. दोन पोरांनी एकाच वेळी एकच गोष्ट वाचली की ती त्यावर भांडतात, आणि तिसरं पोर काय चाललंय ते बघायला पुस्तक मागतं.

यंदा थंडीतल्या संमेलनांच्या स्टॉलवर विक्रीच्या पुस्तकांबरोबर एक कोरी लाल वहीही ठेवणार आहोत. वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल ज्याला वाटेल त्यानं दोन ओळी लिहाव्यात. गाव, वय आणि कितव्या पानावर कंटाळा आला, एवढं लिहिलं तरी चालेल. मराठी लिहायला जड जात असेल तर कन्नडमध्ये लिहा, आमची पुतणी वाचून घेईल.